तेलाचा काटा चढेपर्यंत

चि. भुंग्यास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे आज आहे. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत नव्हतं. तुझी तब्येत कशी आहे? जहाजावर ताजी भाजी मिळते का, की अजून डब्यातलंच उकरून खाताय? इंजिनाच्या खोलीतून घामाघूम होऊन वर येतोस आणि तसाच वाऱ्यात उभा राहतोस, हे मला इथे बसून दिसतं, तेव्हा नाही म्हणू नकोस. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या जहाजाचा फोन नेमका मोक्याच्या शब्दाला तुटतो. ‘भुंग्या, तुझ्या गाडीचं इंजिन’ एवढं ऐकून लाइन गेली, तर तू समुद्रात उडी टाकून पोहत यायला निघशील. म्हणून पत्र. आणि म्हणून पहिल्याच पानावर सांगून टाकते: तुझी गाडी ठणठणीत आहे. ऐकलंस? ठणठणीत. आता एक घोट पाणी पी आणि पुढे वाच.

तू रजा संपवून निघालास आणि ती लाल बया माझ्या शेडमध्ये सोडून गेलास, तेव्हा तुझ्या आईने कपाळावर हात मारून घेतला होता, आठवतं ना? ‘ताईकडे ठेवतोस? अरे, तिला दुधाला उकळी येईपर्यंत धीर धरवत नाही!’ माझीच सख्खी धाकटी बहीण, आणि माझ्याच घरात माझ्याच हातचा चहा पिताना हे बोलली. (खोटं नाही म्हणा. तो चहाही थोडा कच्चाच होता.) पण मी तरी काय करू? सारं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलं. ‘सुटे काढून ठेवा, पत्ता नीट लिहा, पुढचे या.’ लोकांनी तोंड उघडायच्या आत त्यांना किती तिकिटं हवीत ते मला कळायचं. खिडकी सुटली, पण ती घाई काही सुटली नाही. तू मात्र माझ्यावर भरवसा टाकलास, आणि खरं सांगते, मला भरून आलं होतं. सगळ्या रजा त्या गाडीखाली उताणा पडून तू घालवल्यास, एकेक सुटा भाग कुठून कुठून गोळा केलास, गाडी बनवणारी कंपनीच बंद पडलेली, इंजिन गेलं तर दुसरं मिळायचं नाही. आणि असा हा तुझ्या काळजाचा तुकडा तू माझ्या हवाली केलास!

वर तुझं ते व्याख्यान. मला तोंडपाठ आहे, म्हणून दाखवू? थंड इंजिनात तेल मधासारखं घट्ट असतं, ते सगळ्या कानाकोपऱ्यांत पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. सुरू केल्यावर जरा थांबायचं. मग गोगलगाईसारखी हळूहळू न्यायची, पाय हलका. पाण्याचा काटा लवकर चढतो, त्याला भुलायचं नाही. तेलाचा काटा मध्यावर आला की मगच दाबायची, आणि मग मात्र मनसोक्त दाबायची, म्हणजे तिची छाती मोकळी होते. आठवड्यातून एकदा. थंड असताना जोरात पळवलीस तर मावशी, ती आतून झिजते आणि वरून कळतही नाही, असं तू म्हणालास, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. (तो हात ओला होता, भांडी घासत होते, पण शपथ ती शपथ.)

आणि भुंग्या, ती शपथ मी पाळली रे! किल्ली कुणाच्या हाताला लागू नये म्हणून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, आणि पर्स माझ्या काखेत. बाजारात जाऊ दे, दवाखान्यात जाऊ दे, पर्स काखेतून हलायची नाही. दर आठवड्याला मी चाक धरून बसते आणि तुझे काका शेजारी थर्मास मांडीवर घेऊन. शेडच्या एका बाजूला त्यांचं पुस्तकं बांधायचं टेबल आणि एका बाजूला तुझी बया, त्यामुळे त्यांना उठून फक्त चार पावलं यायचं असतं, तरी त्यांना निघायला वेळ लागतो. आधी सरसाचं भांडं झाकणार, मग ब्रश धुणार, मग टोपी. तुझ्या काकांचंही इंजिन जुन्याच बनावटीचं. सकाळचा दुसरा कप पोटात जाईपर्यंत ‘हं’च्या पुढे गाडी जात नाही, आणि वाक्य सुरू केलं की ‘अगं, मी काय म्हणतो...’ इथे इतका वेळ थांबतात, की तेवढ्यात मी दोन खोल्या झाडून येते. लग्न झाल्यापासून त्यांची बहुतेक वाक्यं मीच पुरी केली आहेत. वेळ वाचतो.

तर आम्ही दोघं असे गल्लीतून पाण्याच्या टाकीकडे निघतो. लाल भडक स्पोर्ट्स कार, आणि शेजारून सायकलवाले पुढे जातात! एकदा एक बाई बाबागाडी ढकलत आम्हाला मागे टाकून गेली आणि आतल्या बाळाने आम्हाला हात हलवून टाटा केला. माझा जीव नुसता कासावीस होतो. पण काटा काही ढिम्म हलत नाही, तेव्हा करणार काय? चहा पितो आणि बोलतो. म्हणजे मीच बोलते. तरी त्या अवधीत तुझ्या काकांच्या तोंडून एक गोष्ट निसटली, की त्यांना चहात साखर मुळीच आवडत नाही. अरे, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी दोन चमचे घालते आहे! आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणतात, सुरुवात केली होती. मग टाकीपाशी काटा मध्यावर येतो, पुढे तो सरळ मोकळा रस्ता, आणि मी पाय दाबते. काय आवाज करते रे तुझी बया! मी ओरडते, काका टोपी धरतात, आणि दोघं पोरांसारखे खिदळत घरी येतो. असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मंगळवारी आमचे व्याही आले.

तू त्यांना लग्नात पाहिलंस, माझ्या जावयाचे वडील, दातांचे डॉक्टर. माणूस सोन्यासारखा, माझ्या लेकीला पोटच्या पोरीसारखं वागवतात, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण त्यांचं असं आहे, की आयुष्यभर ज्यांच्याशी बोलले त्यांच्या तोंडात यांची बोटं. त्यामुळे समोरचा माणूस उत्तरही देऊ शकतो, हे त्यांना ठाऊकच नाही. आले ते न कळवता, कुणाच्या तरी कवळीच्या कामाला इकडे आले होते म्हणून. मी नुकती बाजारातून येऊन पिशवी टेकवत होते. बसले, बोलले, चहा प्याले, बोलले, आणि घड्याळ बघून म्हणाले की परतीची बस सुटेल, तर विहीणबाई, ती लाल गाडी आहे ना, तिने सोडा स्टँडवर. आणि पुढे, चालवतो मीच, फार दिवसांची हौस आहे.

आता तू सांग, लेकीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही. तुझ्या आईला मी नाही म्हणू शकते, पोस्टमास्तरांना तोंडावर नाही म्हटलेलं आहे. पण व्याही! माझा हात आपसूक पर्समध्ये गेला. मी स्वतःच्या हाताने किल्ली काढून दिली रे, हसत हसत दिली. एवढ्यात बस चुकेल म्हणून त्यांनी इतकी गडबड उडवली, की माझा जवळचं दिसायचा चष्मा मी कुठेतरी काढून ठेवला तो तसाच राहिला. लांबचं मला स्वच्छ दिसतं, पण काटे म्हणशील तर माझ्यासमोर नुसत्या पांढऱ्या चकत्या. तुझे काका शेडमधून मागे धावल्यासारखे आले (धावल्यासारखे, म्हणजे चालत) आणि म्हणाले, ‘अगं, मी काय म्हणतो...’ मी म्हटलं, अहो, आल्यावर म्हणा! आणि मी गाडीत बसले.

डॉक्टरांनी गाडी सुरू केली आणि, थांबणं नाही, गोगलगाय नाही, दाढ उपटताना लावतात तसा जोर लावला. गाडी किंचाळली. मी आतल्या आत किंचाळले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला डोळ्यांपुढे ते मधासारखं तेल दिसत होतं, तळाशी झोपलेलं, आणि वर लोखंडावर लोखंड! मी आडून आडून सुचवलं, की हवा किती छान आहे, जरा रमतगमत जाऊ या का. तर म्हणाले, विहीणबाई, स्पोर्ट्स कार रमतगमत जायला नसते. मी म्हटलं, पुढे शाळा आहे. म्हणाले, आज सुट्टी आहे. मी म्हटलं, मला चक्कर येते. म्हणाले, तोंड उघडा आणि मोठा श्वास घ्या! मी काय त्यांच्या खुर्चीत बसले होते? बाबागाडीवाली ती बाई फुटपाथवर दिसली, यावेळी आम्ही तिला मागे टाकलं, आणि मला त्याचा कणभर आनंद झाला नाही. स्टँडवर पोचलो तर बस सुटायला भरपूर वेळ होता. डॉक्टर उतरले, गाडीच्या नाकाडावर थाप मारली, म्हणाले, झकास इंजिन आहे, आणि गेले. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या पाठीवर शाबासकी देऊन गेले.

परत येताना मी गाडी इतकी हळू आणली की मागच्यांनी शिव्या घातल्या. रडत होते मी, भुंग्या, खोटं कशाला सांगू. शेडमध्ये आणून बंद केली आणि शांत झाल्यावर खालून आवाज यायला लागला. टिक... टिक... टिक. कानात प्राण आणून ऐकलं. हाडं मोडत होती तिची! मी तिथेच बादलीवर बसले. तुझे काका टेबलापासून उठून आले, माझ्याजवळ उभे राहिले, आणि म्हणाले, ‘अगं, मी काय म्हणतो...’ मी म्हटलं, एक अक्षर बोलू नका. पोराचं इंजिन मारलं मी, आता मला कसलंही बोलणं ऐकवणार नाही.

मेकॅनिकला फोन केला तर तो शुक्रवारशिवाय मोकळा नव्हता. मंगळवार ते शुक्रवार म्हणजे किती लांब पल्ला असतो, तुला कल्पना नाही. जीव नुसता टांगणीला. जेवण जाईना, झोप येईना. तुला पत्र लिहायला बसले तर चष्मा सापडेना. सगळं घर पालथं घातलं, पिठाचे डबे उपसले, उश्यांचे अभ्रे काढले, आणि वर तुझ्या काकांवर खेकसले की घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. ते आपले जेवताना, उठताना, दिवा मालवताना, ‘अगं, मी काय म्हणतो...’ आणि मी आपली, अहो, तुम्हाला काय म्हणायचं ते मला माहीत आहे! समजूतच घालणार ना माझी? नको मला समजूत. मधेच लेकीचा फोन आला, बाबा गाडीवर इतके खूश आहेत, पुन्हा यायचं म्हणतात. मी म्हटलं, यावं की, घर त्यांचंच आहे. आणि फोन ठेवून पुन्हा रडले.

शुक्रवारी मेकॅनिक आला. दाराशी आवाज ऐकून तुझे काकाच पुढे गेले आणि त्याला शेडमध्ये घेऊन गेले. मी पदराला हात पुसत मागून पोचले. मी त्याला सगळं सांगितलं, व्याह्यांचा मान राखून सांगितलं. त्याने टिकटिक ऐकायला गाडी सुरू केली, फिरवून आणली, बंद केली. पुन्हा टिक टिक. म्हणाला, ताई, तापलेलं लोखंड निवताना वाजतं, तुमचा तवा नाही का वाजत? मी म्हटलं, तव्याची गोष्ट वेगळी, तवा भुंग्याचा नाही. मग त्याने तेल परातीत काढलं, उन्हात धरलं, त्यात लोहचुंबक फिरवलं. तेल गाळायची ती डबी असते ना, ती कापून आतला कागद टेबलावर पसरला आणि बोट फिरवून बघितला. लोखंडाचा कीस नाही, कण नाही, काही नाही. म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे. मी म्हटलं, असं कसं? थंड गाडी ताणून पळवली, मी स्वतः बसले होते! तो डोकं खाजवायला लागला आणि तेवढ्यात मागून आवाज आला, ‘अगं, मी काय म्हणतो...’

का कोण जाणे, मी वळले आणि म्हटलं, बोला. माझ्यात भांडायचं बळच उरलं नव्हतं, हे खरं. आणि थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. किती वेळ गेला! मग म्हणाले, ‘गाडी थंड नव्हती त्या दिवशी. तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी तिला टाकीपर्यंत हळूच फिरवून आणली होती. हवा छान होती म्हणून.’ मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हां, मग बरोबर आहे.

भुंग्या, माझा जीव भांड्यात पडला! मी तिथेच, त्या तेलकट परातीशेजारी मटकन बसले आणि हसू लागले, हसता हसता रडू लागले. हा माणूस तीन दिवस हेच सांगायला तोंड उघडत होता आणि मी त्याला बोलू दिलं नाही! माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही. आणि बघ तरी, आमचे हे, टोपी घालून एकटेच गाडी फिरवून येतात आणि पत्ता लागू देत नाहीत! मी खूप रागवले आणि मग बिनसाखरेचा चहा करून दिला, नीट उकळून. आता ठरवलंय, त्यांचं वाक्य संपेपर्यंत बोलायचं नाही. जिभेला चावून बसावं लागतं, पण बसते. काल त्यांनी एक आख्खं वाक्य बोलून दाखवलं. ते पडद्यांच्या रंगाबद्दल होतं आणि त्यात काही राम नव्हता, पण आवाज चांगला आहे रे त्यांचा. मी विसरले होते.

तर एवढंच, की माझ्याच्याने ही जोखीम आता झेपणार नाही. रजेवर आलास की ती बया माझ्या दारातून घेऊन जा. काळजी नसलेल्या माणसाकडे ठेव. जहाजावर सांभाळून राहा, कान झाकून घेत जा.

तुझी,
मावशी

ता. क. चष्मा सापडला, म्हणून तर हे लिहिता आलं. बांधायच्या टेबलावरच होता, पुस्तकांच्या गठ्ठ्यापाशी. काखेत कळसा नि गावाला वळसा.

ता. क. २. वर लिहिलंय ते रागाने लिहिलंय. गाडी नेऊ नकोस. निदान पुढच्या रजेपर्यंत राहू दे. मला ती पळवायची हौस आहे असं नाही (आहे थोडी), पण काटा चढेपर्यंतचा तो वेळ आता आम्हाला लागतो. आणि एक दुसरी किल्ली कुठे असेल तर पाठव, म्हणजे यांना माझी पर्स उचकायला नको. व्याही पुन्हा आले तर गाडीला पंक्चर आहे म्हणून सांगणार आहे. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

भुंग्या, पुढचं मी लिहितो आहे, काका. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आहे, आणि सरस अजून गरम व्हायचा आहे.

मी त्या दिवशी गाडी फिरवली नव्हती. किल्ली पर्समध्ये होती आणि पर्स बाजारात. हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. आलं तर दुसरी किल्ली होती असं म्हणायचं आहे, म्हणून ती पाठवच. मी तीन दिवस तिला सांगत होतो ते एवढंच, की ‘तुझा चष्मा माझ्या खिशात आहे.’ तो टेबलावर नंतर मीच ठेवला. शुक्रवारी ती ‘बोला’ म्हणाली आणि खरोखरच थांबली. तीन दिवस अन्न न खाल्लेल्या बाईला चष्म्याचं काय सांगायचं? दुसरं काही सुचेपर्यंत जरा वेळ गेला, पण तिने मधे तोंड घातलं नाही.

मेकॅनिकने मला शेडकडे येतानाच सांगितलं होतं, एका वेळेने इंजिन मरत नाही. तिला हे सांगू नकोस, उद्यापासून ती रोज थंडच पळवेल. तू आल्यावर मात्र एकदा नीट बघून घे. आणि उत्तर लिहिशील त्यात ‘काकांनी वेळेवर गरम केली म्हणून वाचली’ असं एक वाक्य घाल. ती पत्र मोठ्याने वाचते.

हाक आली, अजून पाकीट झालं नाही का म्हणून. मी म्हटलं, अगं, मी काय म्हणतो, सरस वाळेपर्यंत जरा थांब. दारात उभी आहे. थांबली आहे.